केंटकीच्या ब्रह्मचाऱ्याची लेकरं

अमेरिकेत केंटकी नावाचं राज्य आहे. तिथे एका टेकडीच्या उतारावर, गाई चरतात त्या कुरणात, राखाडी ग्रॅनाइटचा एक दगड उभा आहे. त्यावर कोरलंय : ‘हार्लन टकर. या खोऱ्यातला पहिला रहिवासी. सॅम्युएलचा पिता. आमचा मूळ पुरुष.’ दर उन्हाळ्यात या मूळ पुरुषाचे वंशज तिथे जमतात, फुलं वाहतात, भाजलेली कणसं खातात आणि एकमेकांचे फोटो काढतात.

हार्लन टकर आजन्म ब्रह्मचारी होता. त्याला मूल नव्हतं, बाळ नव्हतं. एवढा मोठा वंश त्याला मी दिला, सुरतेत, भेस्तानला एका सुताच्या गोदामावरच्या खोलीत बसून.

आपल्याकडे निपुत्रिक माणसाला दत्तक द्यायचं तर होम लागतो, भाऊबंद लागतात, निदान एक तरी रुसलेला काका लागतो. मी हे काम एका ईमेलने उरकलं, आणि तेही माणूस मरून दोनशे वर्षं झाल्यावर. संपादकांनी मला ‘तुमच्या आगळ्यावेगळ्या व्यवसायाबद्दल चार शब्द लिहा’ असं सांगितलं आहे. लिहितो. पण तो दगड केंटकीत असला तरी त्याचं वजन माझ्या छातीवर आहे, म्हणून त्याचीही हकिकत इथेच लिहून टाकतो.

मी मूळचा खानदेशातला. माझा थोरला भाऊ भिला सुरतेला यंत्रमागावर कामाला आला आणि वर्षभराने मलाही हाताला धरून घेऊन आला. त्याने माग चालवला, मी शिकलो. पुढे मी दस्तलेखक झालो. दस्तलेखक म्हणजे रजिस्ट्रार कचेरीबाहेर छत्रीखाली टेबल टाकून बसणारा माणूस. खरेदीखत, बक्षीसपत्र, मृत्युपत्र, हक्कसोड, जे काय लागेल ते तो लिहून देतो. वकील कोर्टात भांडतात. त्यांना भांडायला जागा राहील इतपत मोघम लिहिणं, हे दस्तलेखकाचं कसब.

संगणक आले, कागद छापील झाले, छत्रीखालची गर्दी ओसरली. मी घरी बसलो. माझी बायको सुशीला म्हणाली, “घरात बसा, पण माझ्या डाळीच्या डब्यांवर नावं लिहू नका.” तोवर मी लिहून मोकळा झालो होतो.

तेवढ्यात जिग्नेशभाई भेटला. याचा मामा अमेरिकेत मोटेल चालवतो. मामाच्या ओळखीने याला एक काम मिळालं होतं. अमेरिकेतल्या लोकांना आपले पूर्वज शोधून द्यायचे. तिकडच्या तालुक्या-तालुक्यांतल्या जुन्या वह्यांचे फोटो आता संगणकावर असतात. ते वाचायचे, माणसं जुळवायची, वंशावळ लिहायची. जिग्नेशभाईने हुशार मुलंमुली ठेवली होती. पण त्या वह्या हाताने लिहिलेल्या, वळणदार इंग्रजीत. मुलांना ते अक्षर म्हणजे जिलब्या दिसायच्या.

त्याने माझ्यासमोर पडदा फिरवला. “काका, आ वंचाय छे?”

मी चष्मा चढवला. कुणाचं तरी मृत्युपत्र होतं. ‘मी शरीराने क्षीण असलो तरी बुद्धीने पूर्ण शाबूत असून...’ मला हसूच फुटलं. हे वाक्य मी जन्मभर टाइप करत आलो होतो. सुरतेतला मारवाडी असो की केंटकीतला शेतकरी, मरताना प्रत्येकाला बुद्धीच शाबूत असल्याचा दाखला लागतो, कारण पुढे जे लिहायचं असतं त्यावरून कुणालाही शंका यावी.

“काका, काले थी आवी जाओ,” जिग्नेशभाई म्हणाला. म्हणजे उद्यापासून कामाला.

आता हा धंदा काय आहे ते सांगतो. आपल्याकडे ‘तुम्ही कुठले?’ असं विचारलं की माणूस गाव सांगतो, कूळ सांगतो, शेवटी सोयरीक निघते. अमेरिकेतला माणूस तीन पिढ्यांत तीन राज्यं बदलतो. म्हातारपणी त्याला एकदम वाटतं, आपण कुणाचे? मग तो पैसे भरून विचारतो. पण दोनशे वर्षांमागे त्या डोंगराळ मुलखात जन्माची नोंद कुणी ठेवत नव्हतं. माणूस कागदावर बहुधा दोनदाच उमटायचा. जमीन घेतली की एकदा, आणि मेला की एकदा. मधलं सगळं आयुष्य कोरं. या दोन टोकांवरून मधला माणूस उभा करायचा.

जमिनीचे कागद मोठे गमतीचे. सर्व्हे नंबर नाही, काही नाही. हद्द कशी लिहायची? ‘ओढ्याच्या मुखाजवळच्या पांढऱ्या ओकच्या झाडापासून सुरू करून, जिथे अस्वल मारलं त्या दगडापर्यंत, तिथून विधवा बाईच्या कुंपणाला लागून परत त्याच ओकपर्यंत.’ पुढे झाड पडायचं, ओढा वळायचा, आणि विधवा बाई लग्न करायची. हद्द गायब. आपल्याकडे बांध कोरतात, तिकडे सरळ झाडच तोडायचे. मी मुलांना म्हणायचो, पलसाण्याच्या खाडीवरून अशी हद्द लिहिली असती तर काय झालं असतं? ‘तांबड्या पाण्याच्या कडेने’ लिहावं, तर दुसऱ्या दिवशी कापड रंगवणाऱ्या गिरण्यांनी पाणी हिरवं केलेलं.

मरणाचे कागद त्याहून बोलके. माणूस गेला की कोर्ट शेजाऱ्यांना पाठवायचं. शेजाऱ्यांनी घरात फिरून एकूण एक वस्तू लिहायची. गादी, तवा, कुऱ्हाड, ‘एका डोळ्याने आंधळी गाय’, ‘अर्धं झिजलेलं बायबल’. शेजाऱ्याच्या घरात काय काय आहे हे मोजायला सरकारी परवानगी! सुशीलाला हे सांगितलं तर तिचे डोळे चमकले. “आपल्याकडे का नाही हो असं?” नंतर त्या वस्तूंचा लिलाव व्हायचा. त्यात पुष्कळदा पहिलं नाव विधवेचंच. आपलाच तवा आणि आपलीच गादी ती बोली लावून विकत घेते आहे. तिथे मात्र आम्ही दोघंही हसलो नव्हतो.

सुशीलाने माझ्या कामाला नाव ठेवलं, ‘मेलेल्यांची तलाठीगिरी’. चाळीत तेच पसरलं. चलथाणच्या साखर कारखान्यातून निवृत्त झालेले एक शेजारी मला गंभीरपणे विचारायला आले, “तलाठी, आमच्या सासऱ्यांनी मरताना काय पुरून ठेवलं का, तेवढं बघता येईल?”

गिऱ्हाइकंही नमुनेदार. प्रत्येकाला पूर्वज हवा असतो, पण आपल्या पसंतीचा. एका गृहस्थाला राजघराण्याशी नातं हवं होतं. मला त्याच्या खापरपणजोबाचं घोडाचोरीचं प्रकरण सापडलं. जिग्नेशभाई घाबरला, म्हणाला, “काका, चोर काढी नाखो.” मी काढला नाही. गृहस्थाचं उत्तर आलं, तो आनंदाने वेडा झाला होता. म्हणे राजा तर सगळ्यांकडेच असतो. त्याने दिवाणखान्यात घोड्याचं चित्र लावलं.

आणि मग आल्या लॉरेनबाई. निवृत्त शिक्षिका, नवरा गेलेला, मुलं दूर. गळ्यात चष्म्याची साखळी. संगणकावर पहिल्यांदा दिसल्या तेव्हा मांडीवर मांजर होतं आणि त्या माझ्याशी बोलतात की मांजराशी, हे मला बराच वेळ कळेना.

“मिस्टर महाजन, मला मरायच्या आधी एवढंच कळू दे, की आम्ही टकर लोक कुणाचे?”

त्यांच्या गावात पहिल्या वसाहतकऱ्यांच्या वंशजांचं एक मंडळ होतं. ज्याच्या पूर्वजाने अगदी सुरुवातीला तिथे जमीन घेतली, त्यालाच प्रवेश. प्रवेश मिळाला की एक पिन मिळते आणि वर्षातून एकदा केक. लॉरेनबाई पुष्कळ वर्षं त्या मंडळाच्या दाराबाहेर उभ्या होत्या, कारण त्यांची माहिती सॅम्युएल हार्लन टकर या माणसापाशी येऊन थांबत होती. सॅम्युएलचा बाप कोण, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

मला मात्र ते नाव वाचताक्षणी कळलं. सॅम्युएल हार्लन टकर! आपलं नाव, मग बापाचं नाव, मग आडनाव. याहून स्पष्ट माणसाने काय लिहावं? सॅम्युएल हा हार्लनचा मुलगा. अमेरिकेतले एवढे शिकलेले लोक डोकं खाजवत बसले आहेत आणि उत्तर नावातच आहे, म्हणून मला त्यांची कीव आली.

मी त्याच तालुक्यात हार्लन टकर शोधला. लगेच सापडला! खोऱ्यातली पहिली जमीन त्याच्याच नावावर. पुढे म्हातारपणी त्याने ती सगळी सॅम्युएलला बक्षीस दिलेली, ‘नैसर्गिक प्रेम आणि माया यांच्या मोबदल्यात’. आता बक्षीसपत्रं मी शेकड्यांनी लिहिलेली. बाप मुलाला जमीन देतो तेव्हा नेमकं हेच लिहितो. कागदात नातं लिहिलेलं नव्हतं, पण उघड गोष्ट कोण लिहितो? मी अहवालात ‘निःसंशय’ हा शब्द घातला. जन्मभर मोघम लिहिणाऱ्या माणसाने एकदाच ठाम लिहिलं, तेही नेमकं इथे.

मंडळाची वंशावळ समिती म्हणजे तीन म्हाताऱ्या. त्यांनी माझ्या अहवालातलं बक्षीसपत्र पाहिलं, ‘निःसंशय’ पाहिलं आणि लॉरेनबाईंना पिन टोचली. त्या पडद्यावर रडल्या, मांजर दचकून उडालं. पुढच्या वर्षी त्यांनी सगळ्या टकरांना गोळा करून तो दगड उभारला. मेळाव्यासाठी पिवळे टी-शर्ट काढले. छातीवर मोठ्या अक्षरांत, ‘हार्लन टकरची लेकरं’. एक मलाही आला. अमेरिकन मापाचा, आमच्या अख्ख्या घराला पुरेल एवढा. मी तो भिलाभाऊला दिला, कारण आमच्या घरात तेवढं पोट त्यालाच आहे.

“हाई काय लिखेल शे?” भाऊने विचारलं. भाऊ इतकी वर्षं सुरतेत आहे, पण बोलतो अहिराणीच. गुजराती शेठशीही अहिराणीच बोलायचा, आणि शेठ शिकला.

“हार्लन टकरची लेकरं.”

“म्हंजे मी आते टकरना पोर्‍या?” त्याने तो अंगात घातला, पोटावरून हात फिरवला. “कापड चांगलं शे.” आणि भेस्तानच्या भाजीबाजारात तो टी-शर्ट घालून हिंडू लागला.

चूक मला कळली ती वेगळ्याच गिऱ्हाइकाचं काम करताना. त्यांचं आडनाव होतं हार्लन. तेव्हाही माझ्या डोक्यात काही वाजलं नाही. शेजारच्या व्हर्जिनिया राज्यातल्या एका म्हाताऱ्या हार्लनचं मृत्युपत्र मी वाचत होतो. शरीराने क्षीण, बुद्धीने शाबूत, वगैरे झालं. मग ओळ आली : ‘माझी मुलगी रिबेका आणि तिचा मयत नवरा जोसेफ टकर यांचे मुलगे, माझे नातू, थोरला हार्लन आणि धाकटा सॅम्युएल यांस एक-एक घोडी.’

मी पंखा वाढवला. पुन्हा वाचलं.

तिकडे मधलं नाव बापाचं नसतंच. मधे काहीही घालतात. कुणी आजीचं नाव, कुणी आवडत्या पुढाऱ्याचं, आणि पुष्कळदा आईच्या माहेरचं आडनाव. रिबेकाने आपलं माहेर दोन्ही मुलांच्या नावात ठेवलं होतं. थोरल्याच्या सुरुवातीला, धाकट्याच्या मधे. हार्लन आणि सॅम्युएल बाप-लेक नव्हते, भाऊ-भाऊ होते. तालुक्याच्या लग्नांच्या यादीत हार्लनचं नाव शोधलं, तर ते नव्हतंच. ही चूक अमेरिकेतल्या शाळकरी पोरानेही केली नसती. ती करायला आपल्याकडचाच माणूस हवा, ज्याला मधल्या जागेत बापाशिवाय दुसरं कुणी बसू शकतं हेच सुचत नाही.

मी जिग्नेशभाईला सांगितलं. त्याने दार लावून घेतलं.

“काका, दगड ऊभो थई गयो?”

“उभा राहिला.”

“पार्टी खुश छे?”

“खूश आहे.”

“तो मरेलो माणस फरियाद करवा आवशे?”

नाही येणार, हे मलाही मान्य होतं. मी गप्प बसलो. वर्षं गेली. दर उन्हाळ्यात पिवळ्या टी-शर्टवाल्यांचा फोटो यायचा, दर वर्षी त्यात एखादं नवं बाळ, आणि मी ‘फार छान’ असं उत्तर पाठवायचो. जिग्नेशभाईचं काम सोडलं तरी फोटो येतच राहिले. सुशीला म्हणायची, “हे बघा, तुमच्या ब्रह्मचाऱ्याला पणतू झाला.” तिला गंमत वाटायची. मला जेवण जायचं नाही.

यंदा फोटोबरोबर लॉरेनबाईंनी लिहिलं, की आता तब्येत बरी नसते, म्हणून त्यांनी त्या कुरणाच्या मालकाकडून हार्लनच्या दगडाच्या पायाशी स्वतःच्या कबरीपुरती जागा घेऊन ठेवली आहे. नवऱ्याची कबर दुसऱ्या गावी आहे, पण ‘मी माझ्या मूळ पुरुषाच्या पायाशी झोपणार. हे तुमच्यामुळे, मिस्टर महाजन.’

दगडाचं एक वेळ ठीक. पण एक बाई आपला नवरा सोडून माझ्या चुकीच्या शेजारी कायमची झोपायला निघाली होती. आता गप्प राहता येत नव्हतं.

सांगायचं तर निदान पूर्ण सांगावं, म्हणून मी आता तिथल्या कोर्टाच्या वह्या उघडल्या. पहिल्या वेळी त्या पाहिल्याच नव्हत्या. बाप सापडल्यावर वह्या कोण चाळतो? आणि तिथे सगळं होतं. जोसेफ टकर व्हर्जिनियातच वारला. डोंगर ओलांडून केंटकीला आला तो थोरला हार्लन, आणि त्याच्याबरोबर धाकटा सॅम्युएल. त्या काळी पोरक्या मुलाला पालक नेमायचा तर त्या पालकाने कोर्टात जामीन लिहून द्यायचा असे. हार्लनने लिहून दिला होता : ‘सॅम्युएल, मयत जोसेफचा पोरका, याला मी नीट वाढवीन आणि लिहायला-वाचायला शिकवीन.’ खाली हार्लनची सही नव्हती, फुलीची खूण होती. म्हणजे त्याला स्वतःला लिहिता येत नव्हतं.

ती फुली पाहून मी संगणक बंद केला आणि तडक भाऊकडे गेलो. कारण लॉरेनबाईंच्या आधी मला दुसऱ्याच एका कागदाचा हिशेब द्यायचा होता.

भाऊने मला सुरतेच्या मराठी शाळेत घालायला नेलं, ती गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. आमचे वडील उखर्डू वारले होते. मास्तर म्हणाले, “मुलाचा बाप हजर पाहिजे.”

“हजर शे,” भाऊ म्हणाला.

“कुठे आहे?”

“मीच.”

मास्तरांनी चष्मा खाली घेतला. “तू? तुला अजून मिशी फुटलेली नाही.”

“मिशी आमना घरमा उशीरच फुटस.”

मास्तर हसले, आणि त्यांनी लिहिलं, वसंत भिला महाजन. पुढे शाळेच्या दाखल्यापासून सगळ्या कागदांवर मी भाऊचाच मुलगा होतो. गल्लीतली पोरं भाऊला ‘वसंताना बाप’ म्हणून चिडवायची आणि तो ऐटीत ‘काय शे?’ म्हणायचा.

माझं लग्न ठरलं तेव्हा मी नावातलं ‘भिला’ काढून ‘उखर्डू’ घातलं. नाव चुकीचं आहे, दुरुस्त केलं पाहिजे, असं मी सगळ्यांना सांगितलं. ते खरंही होतं. पण खरं कारण असं, की सासरची माणसं टेबल-खुर्चीवर काम करणारी होती, आणि ‘भिला’ कोण म्हणून विचारलं की मागावरच्या, कानात सुताचा कापूस साचलेल्या माणसाकडे बोट दाखवायची मला लाज वाटत होती. वडील निदान वारलेले होते. प्रतिज्ञापत्र मी स्वतःच गुजरातीत टाइप केलं. त्यात आमच्या धंद्यातलं ठरलेलं वाक्य होतं : ‘सदर भिला याचा माझ्या पितृत्वाशी कोणत्याही प्रकारचा संबंध नाही व कधीही नव्हता.’ ‘कधीही नव्हता’ लिहायची गरज नव्हती. वाक्य भरदार व्हावं म्हणून मी ते घातलं.

भाऊची सही लागत होती. त्याने मला वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं. मग तो म्हणाला, “बरं लिखं,” आणि सही केली.

त्या सहीबद्दल आम्ही नंतर कधीच बोललो नव्हतो. आता मी गेलो तेव्हा भाऊ तोच पिवळा टी-शर्ट घालून खाटेवर लसूण सोलत बसला होता. मी त्याला हार्लनची सगळी गोष्ट सांगितली. बाप नव्हता, भाऊ होता. धाकट्याला डोंगर ओलांडून आणलं, कोर्टात फुली केली, शिकवलं, शेवटी जमीन दिली. आणि मी दगडावर चूक कोरून बसलो आहे.

भाऊने लसणाचं साल फुंकून उडवलं. “त्या बाईले खरं सांगी टाक.”

“तिची पिन जाईल, भाऊ. दगडावरून त्याचं नाव काढतील.”

“काढू दे. तू माले बी कागदवरथून काढी टाकं व्हतं. मी काय मरी गऊ का?”

एवढं बोलून तो पुन्हा लसूण सोलू लागला. राग नव्हता, टोमणा पण नव्हता. हवा-पाण्याबद्दल बोलावं तसं बोलला.  मी एवढंच म्हणालो, “भाऊ, ते ‘कधीही नव्हता’ मी उगाच लिहिलं होतं.”

“माले माहीत शे. तू पयलेपासून जास्तीच लिखस.” आणि त्याने माझ्या पुढ्यात लसणाची अर्धी पाटी सरकवली. मी सोलायला बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॉरेनबाईंना गाठलं. तिकडे संध्याकाळ होती. भाऊ शेजारी येऊन बसला, म्हणे साक्षीदार पाहिजे. मी सगळं सांगितलं, मधल्या नावाची आमची रीत, माझा अतिशहाणपणा, ‘निःसंशय’ हा शब्द, आणि गप्प बसलेली वर्षं. बाईंच्या मांडीवरचं मांजर उठून गेलं, तेव्हा मला वाटलं, आता संपलं.

“इतकी वर्षं तुम्हाला माहीत होतं?” त्यांनी विचारलं.

“होतं.”

“आणि दर वर्षी ‘फार छान’ लिहीत होतात?”

“हो.”

“मी शाळेत असते तर तुम्हाला कोपऱ्यात उभं केलं असतं.” त्या खरंच चिडल्या होत्या. त्यांनी छातीवरची पिन चाचपली. “म्हणजे ही परत करावी लागेल.”

“नियमाप्रमाणे, हो. सॅम्युएलच्या नावावर तेव्हा जमीन नव्हती.”

पिन बोटांनी फिरवत त्या म्हणाल्या, “मिस्टर महाजन, त्या पोराला वाढवलं कुणी?”

मी तो जामीन वाचून दाखवला. नीट वाढवीन, लिहायला-वाचायला शिकवीन. आणि खाली फुली.

लॉरेनबाई जन्मभर मुलांना लिहायला-वाचायला शिकवत आल्या होत्या. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग त्यांचं लक्ष माझ्या शेजारी गेलं. पिवळा टी-शर्ट, त्यावरची मोठी अक्षरं, आत भाऊचं पोट.

“हे कोण?”

“माझा थोरला भाऊ,” मी म्हणालो. “यानेच मला वाढवलं.”

लॉरेनबाईंनी टी-शर्टवरची अक्षरं वाचली आणि त्या हसायलाच लागल्या. भाऊला काही कळलं नव्हतं, पण कुणी हसलं की तोही हसतो. केंटकी आणि भेस्तान मिळून बराच वेळ हसत होते. मीच मधे कोरडा.

महिन्याने त्यांचं पत्र आलं. पिन परत केली, तशीही ती टोचत होती. केकबद्दल मात्र वाईट वाटतं. जागा तिथेच राहील, हार्लनच्या पायाशी. दगड मोडायचा नाही असं सगळ्या टकरांनी ठरवलं. पाथरवटाला ‘पिता’ खोडायला सांगितलं तर तो म्हणाला, ग्रॅनाइटवर खोडता येत नाही, फक्त वाढवता येतं. म्हणून त्यांनी ‘सॅम्युएलचा पिता’च्या खाली एक ओळ वाढवली, ‘आणि थोरला भाऊ’.

हा लेख पाठवताना संपादकांनी विचारलं, नाव कसं छापायचं? मी भाऊला म्हणालो, “वसंत भिला महाजन, असं छापायला सांगतो.”

भाऊ साशंक झाला. “परत अफेडेवीट? स्टांपना पैसा तू भरजो.”

“दिवाळी अंकाला स्टांप लागत नाही, भाऊ.”

“मंग छापी टाक,” तो म्हणाला.